हिस्टरी घेणारी डॉक्टर : नवाल अल सादावी

अरबीत नवाल म्हणजे देणगी. आईने हे नाव लिहायला शिकवलं तेव्हा त्या लहान मुलीने ते वहीत गिरवलं आणि शेजारी आईचं नाव लिहिलं, झैनब. वडिलांनी ते खोडलं आणि तिथे स्वतःच्या घराण्याचं नाव लिहिलं. ज्या पूर्वजाचं ते नाव, त्याला मुलीने कधी पाहिलंही नव्हतं. पुढे ती मुलगी इजिप्तची नावाजलेली लेखिका झाली आणि पन्नासाहून जास्त पुस्तकांवर तेच छापलं गेलं : नवाल अल सादावी. जिने हाताला धरून अक्षर शिकवलं, तिचं नाव एकाही मुखपृष्ठावर आलं नाही. हा प्रसंग सादावी यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे.

सुरुवातीलाच तो सांगितला, कारण या बाईंबद्दल काहीही वाचायला घ्या, आधी विशेषणंच भेटतात. बंडखोर, वादग्रस्त, ‘अरब जगाची सिमोन द बोव्हुआर’ (ही फ्रान्सची गाजलेली स्त्रीवादी लेखिका). एवढं वाचून हाती काही लागत नाही. त्यांचं म्हणणं नेमकं काय होतं, आणि एकामागून एक राज्यकर्ते, मौलवी आणि वकील त्यांच्यावर का उखडले, हे कळायचं असेल तर ते खोडलेलं नाव लक्षात ठेवावं लागतं.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे त्या डॉक्टर होत्या. दवाखान्यात गेलं की केस पेपर निघतो आणि मग डॉक्टर विचारतात : काय होतंय, कधीपासून, आधी असं झालं होतं का, घरात आणखी कुणाला आहे का. वैद्यकीच्या भाषेत याला हिस्टरी घेणं म्हणतात. हिस्टरी नीट घेतली तर निम्मं निदान तिथेच होतं, असं मुरलेले डॉक्टर सांगतात. सादावी यांनी आयुष्यभर हेच केलं. फक्त ‘आधी काय झालं होतं’ हा प्रश्न त्या इतक्या मागे नेत की उत्तर रुग्णाच्या शरीरातून निघून तिच्या घरात, घरातून गावात आणि तिथून थेट राज्यकर्त्यांच्या दारात जाऊन पोचे.

त्यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९३१ चा. गाव कफ्र तहला, कैरोच्या उत्तरेला, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या कल्युबिया प्रांतात. नऊ भावंडांत या दुसऱ्या. वडील शिक्षण खात्यात होते. १९१९ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला, त्यात त्यांनी भाग घेतला होता. त्याची शिक्षा म्हणून सरकारने त्यांना आडगावी पाठवलं आणि दहा वर्षं बढती दिली नाही. आई कैरोच्या बड्या, तुर्की वळणाच्या घराण्यातली. मुलींनीही शिकलं पाहिजे असं दोघांचं मत होतं आणि त्या काळी हे थोडंथोडकं नव्हे. पण घरात आजीही होती, आणि एक मुलगा पंधरा मुलींच्या तोडीचा असा तिचा हिशोब होता. दहाव्या वर्षी मुलीला स्थळ आलं. पाहुणे येणार म्हटल्यावर तिने कच्चं वांगं चावून दात काळे करून घेतले आणि स्थळ परत गेलं. हा किस्सा त्या म्हातारपणीही हसत सांगत.

दुसऱ्या एका प्रसंगाबद्दल त्या हसल्या नाहीत. तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. रात्री अर्धवट झोपेत असताना कुणाचे तरी गार, खरबरीत हात पांघरुणाखाली आले. तोंड दाबलं गेलं आणि तिला उचलून न्हाणीघरात नेलं. पाठीखाली थंड फरशी, मांड्या दोन बाजूंना घट्ट धरलेल्या. पात्याला धार लावल्यासारखा आवाज आला. ईदला मेंढा कापण्याआधी खाटीक सुरी परजतो, तसा. दरोडेखोर आले आणि आता गळा चिरणार, असं तिला वाटलं. पण पातं गळ्याकडे आलं नाही. आगीसारखी कळ उठली आणि ती आईच्या नावाने किंचाळली. डोळे उघडले तर आई तिथेच होती. त्या परक्या माणसांमध्ये उभी राहून त्यांच्याशी बोलत होती आणि हसत होती. मग ती माणसं धाकट्या बहिणीला आणायला गेली.

या आठवणीतला सगळ्यात न विसरता येणारा तपशील पात्याचा नाही, आईच्या हसण्याचा आहे. शत्रूने केलेली जखम समजायला सोपी असते. ही जखम आईने, प्रेमाने, मुलीचं भलं व्हावं म्हणून करवून घेतली होती. असं का होतं, याची हिस्टरी घेण्यात सादावी यांचं पुढचं आयुष्य गेलं.

आता त्या न्हाणीघरात काय झालं ते सरळ शब्दांत सांगायला हवं, कारण आपल्याकडे या विषयावर एक तर कुजबुज होते किंवा नुसते अंगावर काटे येतात. मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा काही भाग कापून टाकतात. कुठे शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस, थोडी किंवा पूर्ण. कुठे त्याबरोबर आतले ओठही. सुदानमध्ये आणि इजिप्तच्या अगदी दक्षिणेला याहून भयंकर प्रकार चालत आला आहे. त्यात सगळं कापून जखमेच्या कडा शिवून टाकतात आणि लघवी व पाळीपुरतं छिद्र ठेवतात. याला मुलांच्या सुंतेची बहीण समजणं चूक आहे. इथे कापला जातो तो मज्जातंतूंची फार दाटी असलेला भाग. आरोग्याला फायदा शून्य. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचे त्रास, बाळंतपणातली गुंतागुंत हे सगळं पदरात पडतं ते वेगळंच. इजिप्तमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या दाया, म्हणजे गावची सुईण, किंवा न्हावी करत आला. लोक त्याला ‘तहारा’ म्हणतात. शब्दाचा अर्थ शुद्धी. ज्या रिवाजाचं नावच शुद्धी आहे, त्याला नाही म्हणणारी मुलगी आपोआप अशुद्ध ठरते.

हे इस्लाममुळे होतं, असं ठोकून देणारे पुष्कळ भेटतात. सादावी यांनी ते कधी मान्य केलं नाही, आणि हकिगतही त्यांच्याच बाजूने आहे. हा रिवाज इस्लामच्या कितीतरी आधीचा. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्तीही तो पाळत आले, आणि कितीतरी मुसलमान देशांत त्याचा मागमूस नाही. मग मूळ कुठे? त्यांचं उत्तर थोडक्यात असं. मूल कुणाच्या पोटातून आलं हे सगळ्या गावाला दिसतं. ते कुणाचं आहे, हे बापाला मात्र मानून घ्यावं लागतं. जमीन, घर आणि नाव बापाकडून मुलाकडे जायला लागलं, तशी ही खात्री लाखमोलाची झाली. खात्री करून घ्यायचा मार्ग एकच, बाईच्या शरीरावर पहारा. हा पहारा कुठे बुरख्याने होतो, कुठे कौमार्याच्या परीक्षेने, कुठे पात्याने. म्हणजे आईचं नाव खोडणारं पेन आणि न्हाणीघरातलं पातं ही एकाच पेटीतली हत्यारं. जखम धर्माने केलेली नाही. ती वारसाहक्काने केली आणि धर्माला साक्षीला उभं केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. या मांडणीत समाजवादी विचारांचा वाटा उघड आहे आणि तो त्यांनी लपवलाही नाही. इतिहासाचा सगळा गुंता त्यात सुटतो असं मला वाटत नाही. पण दवाखान्यात समोर आलेल्या बायकांच्या बाबतीत ती फारच जुळत होती.

१९५५ मध्ये त्या कैरो विद्यापीठातून डॉक्टर झाल्या आणि आपल्याच भागातल्या ग्रामीण आरोग्य केंद्रात गेल्या. बायका पोटदुखी, डोकेदुखी, झोप लागत नाही अशा तक्रारी घेऊन येत. तपासून पाहावं तर कित्येकदा हाती काही लागत नसे. पण बाई बोलती झाली की मारहाण निघे, लग्नाच्या पहिल्या रात्रीचा धसका निघे, लहानपणीचं पातं निघे. नवऱ्याच्या छळातून एका रुग्णाला सोडवायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि वरून हुकूम आला : कैरोला परत या. बाईला औषध दिलं तर डॉक्टर चांगली. बाईला परत त्याच घरी पाठवायला नकार दिला तर डॉक्टर डोईजड. हा धडा त्यांना विशीतच मिळाला.

लग्नाचं थोडक्यात. पहिला नवरा वर्गातला सहाध्यायी. तो सुएझ कालव्याच्या भागात ब्रिटिशांविरुद्ध लढायला गेला आणि खचून परतला. एक मुलगी झाली, मोना, आणि घटस्फोट झाला. दुसरे वकील होते. मी किंवा तुझं लेखन, असं त्यांनी सांगितलं. निवड करायला वेळ लागला नाही. तिसरे शरीफ हताता, स्वतः डॉक्टर आणि कादंबरीकार, डाव्या राजकारणापायी तेरा वर्षं तुरुंगात काढलेले. १९६४ चं हे लग्न चार दशकांहून जास्त टिकलं. नवालबाईंची कितीतरी पुस्तकं इंग्रजीत पोचली ती त्यांच्या अनुवादामुळे.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आल्यावर त्या आरोग्य खात्यात बड्या हुद्द्यावर होत्या. गाडी, कचेरी, शिवाय आरोग्यावरच्या मासिकाचं संपादन. १९७२ मध्ये ‘अल-मरआ वल-जिन्स’ म्हणजे ‘स्त्री आणि लैंगिकता’ या पुस्तकाचं प्रकरण पेटलं. शिश्निका कापल्याने काय होतं, आणि पहिल्या रात्री रक्त आलं नाही म्हणून मुलगी ‘खराब’ ठरत नाही, हे त्यात साध्या अरबीत लिहिलं होतं. आतला पडदा कुणाचा जाड असतो, कुणाचा लवचीक, कुणाला जन्मतःच नसतो. आज शाळकरी वाटेल असं हे शरीरशास्त्र. त्यापायी नोकरी गेली, मासिक बंद पडलं, डॉक्टरांच्या संघटनेतलं पद गेलं. मला वाटतं, खात्याला पुस्तकातली माहिती नवी नव्हती. तिथले सगळे डॉक्टरच होते. ती माहिती वाचकाला समजेल अशी लिहिली, हा गुन्हा.

पण हेही पूर्ण खरं नाही. डॉक्टरांना तरी माहीत होतं का? नोकरी गेल्यावर त्यांनी ऐन शम्स विद्यापीठात संशोधन सुरू केलं आणि १९७३-७४ मध्ये १६० मुली आणि बायकांशी बोलल्या. अशिक्षित घरांपैकी ९७.५ टक्के, तर शिकलेल्यांपैकी ६६.२ टक्के घरांनी हा रिवाज सोडलेला नव्हता. शिक्षणाने फरक पडतो हे खरं, पण शिकलेल्या तीन घरांपैकी दोन घरांत पातं पोचलेलंच होतं. या बायकांमध्ये वैद्यकीच्या विद्यार्थिनीही होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, इतकी वर्षं शिकले, पण शिश्निकेचं शरीरात काही काम असतं असं एकाही प्राध्यापकाने शिकवलं नाही. स्वतःच्या शरीरातून काय काढून घेतलं हे भावी डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं.

याच संशोधनासाठी त्या कैरोबाहेरच्या कनातिर इथल्या बायकांच्या तुरुंगात जाऊ लागल्या. तिथे फाशीची शिक्षा झालेली एक कैदी होती. एका पुरुषाचा खून केलेली, वेश्याव्यवसायातली. राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज करायला तिने साफ नकार दिला होता. डॉक्टरला भेटायलाही ती तयार नव्हती, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि मग एक दिवस निरोप आला, ये. त्या गेल्या आणि कोठडीच्या थंड जमिनीवर बसल्या. ती बोलत राहिली, या ऐकत राहिल्या. १९७४ मध्ये तिला फाशी झाली. त्या बोलण्यावरून लिहिलेली कादंबरी १९७५ मध्ये बैरुतहून निघाली. तिचं अरबी नाव ‘शून्य बिंदूवरची बाई’ असं सांगता येईल. तिच्यातल्या नायिकेचं नाव फिरदौस, म्हणजे स्वर्ग. सादावी वाचायच्या असतील तर इथून सुरुवात करा. लहानशी आहे, एका बैठकीत संपते. हिस्टरी घेणं म्हणजे काय, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तिथे जास्त कळतं. डॉक्टर अगदी सुरुवातीला आणि शेवटी बोलते. मधली सगळी जागा रुग्णाची.

त्याच कनातिर तुरुंगात सात-आठ वर्षांनी त्या परत गेल्या, पण आता कैदी म्हणून. सप्टेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी एका फटक्यात दीड हजारांहून जास्त विरोधकांना उचललं. डावे, इस्लामवादी, पत्रकार, धर्मगुरू, सगळे. पोलीस सादावींच्या दारात आले तेव्हा त्यांनी वॉरंट मागितलं. वॉरंट नव्हतं, म्हणून दार उघडलं नाही. पोलिसांनी ते तोडलं.

कोठडीत एका बाजूला लतीफा अल-झय्यात यांच्यासारख्या डाव्या लेखिका आणि दुसऱ्या बाजूला डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या इस्लामवादी मुली. दोन्हींना एकच संडास, तीच झुरळं. कागद-पेनावर बंदी होती. तुमच्याकडे बंदूक सापडली तरी चालेल, पण कागद-पेन सापडता कामा नये, अशा अर्थाचं तुरुंगाधिकारी बोलून गेला. मग शेजारच्या वॉर्डातल्या एका वेश्येने भुवया कोरायची पेन्सिल गुपचूप पुरवली आणि सादावी टॉयलेट पेपरवर लिहू लागल्या. मऊ कागद, तेलकट टोक, जरा जोर दिला की फाटणार. तुरुंगाच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक तिथे सुरू झालं. ६ ऑक्टोबरला लष्करी संचलन पाहताना सादात यांची हत्या झाली. नोव्हेंबरमध्ये सादावी सुटल्या.

इथपर्यंतची गोष्ट पाश्चात्त्य वाचकाला फार आवडते : मागासलेला समाज, हुकूमशहा, एकटी शूर बाई. या गोष्टीवर सादावी स्वतः वैतागायच्या. त्यांचं १९७७ चं पुस्तक अरबीत ‘अरब स्त्रीचा उघडा चेहरा’ अशा अर्थाच्या नावाने निघालं होतं. १९८० मध्ये इंग्रजीत येताना त्याचं नाव ‘ईव्हचा झाकलेला चेहरा’ असं झालं. उघड्याचा झाकलेला, अरब स्त्रीची ईव्ह. आतही बदल झाले. जननेंद्रिय कापण्याविषयीचा मजकूर पुढे आला. बायकांचं घरकाम, समाजवाद अशा प्रकरणांना कात्री लागली. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या काही स्त्रिया या एकाच रिवाजावर बोट ठेवून अरब-आफ्रिकी बायकांची कीव करतात, हे त्यांना सहन होत नसे. शरीर कापणं वाईटच, पण वसाहतवाद, कर्जं, कामाचा पैसा न मिळणं हे सोडून फक्त पात्याकडे पाहणं म्हणजे अर्धी हिस्टरी, असं त्या म्हणत. आणि वर ऐकवत की लिपस्टिक आणि प्लास्टिक सर्जरी हासुद्धा बुरखाच, तुमचा. पांढऱ्याशुभ्र केसांना त्यांनी कधी रंग लावला नाही.

१९८२ मध्ये त्यांनी अरब स्त्रियांची एकजूट संघटना काढली. १९९१ मध्ये आखाती युद्धाला विरोध केला म्हणून सरकारने ती बंद केली आणि तिची मालमत्ता बायकांच्या एका धार्मिक संस्थेकडे सोपवली. १९९२ मध्ये फराग फौदा या लेखकाला कैरोत अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या. तशाच मृत्यूच्या यादीत सादावींचंही नाव होतं. दाराशी सरकारी पहारा बसला. ज्या सरकारने तुरुंगात टाकलं, त्याच्याच बंदुकीच्या छायेत राहणं काही त्यांना जमेना. १९९३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, ड्यूक विद्यापीठात शिकवलं आणि १९९६ मध्ये परत आल्या.

२००१ चा खटला मात्र समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याच्या मुळाशी असलेली कल्पना आपल्याला अनोळखी आहे. इस्लामी परंपरेत ‘हिस्बा’ नावाचं तत्त्व आहे. चांगल्याचा आग्रह धरणं आणि वाइटाला आवर घालणं हे प्रत्येकाचं कर्तव्य, असा त्याचा ढोबळ अर्थ. इजिप्तमध्ये त्याचा कायदेशीर उपयोग असा झाला की ज्याचा काडीचा संबंध नाही असा कुणीही उठून कोर्टात सांगू शकत असे : अमका माणूस धर्मातून बाहेर गेला आहे, सबब मुसलमान जोडीदाराबरोबरचं त्याचं लग्न रद्द करा. १९९५ मध्ये कुराणाचे अभ्यासक नस्र अबू झैद यांच्यावर हाच प्रयोग झाला. कोर्टाने त्यांचं लग्न मोडीत काढलं आणि नवराबायकोला देश सोडावा लागला. सादावी यांनी एका मुलाखतीत म्हटलं होतं की हजच्या विधींत इस्लामपूर्व काळाचे अवशेष आहेत आणि मुलींना वारसाहक्कात समान वाटा हवा. झालं, एक वकील कोर्टात गेला. तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या आणि हताता यांच्याबरोबरच्या संसाराला ३७ वर्षं झाली होती. अबू झैद प्रकरणाच्या बदनामीनंतर असा दावा थेट दाखल करण्याचा खासगी माणसाचा अधिकार कायद्याने काढून घेतला होता, म्हणून जुलै २००१ मध्ये तो फेटाळला गेला. न्याय मिळाला असं म्हणायला जीभ रेटत नाही. दावा तांत्रिक मुद्द्यावर पडला.

आता पात्याकडे परत येऊ. सप्टेंबर १९९४ मध्ये कैरोत संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद भरली होती, आणि ऐन त्याच वेळी सीएनएनने शहरातल्या एका मुलीची सुंता चालू असतानाचं चित्रण दाखवलं. जगासमोर शोभा झाली. सरकारने तोडगा काढला : न्हाव्याकडे नको, सरकारी इस्पितळात करा. पुढच्याच वर्षी ही परवानगी मागे घेतली, १९९६ मध्ये बंदीचा आदेश निघाला आणि १९९७ मध्ये कोर्टाने तो उचलून धरला. ‘वैद्यकीय गरज असल्यास’ ही पळवाट तेवढी राहिली. ती २००७ मध्ये, बारा वर्षांची एक मुलगी खासगी दवाखान्यात दगावल्यावर, बुजवली गेली. २००८ मध्ये हा फौजदारी गुन्हा झाला आणि २०१६ व २०२१ मध्ये शिक्षा वाढत गेली.

कायदा वाढला, रिवाज किती घटला? इजिप्तच्या पाहण्या सांगतात की १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांत हे प्रमाण १९९५ मध्ये ९७ टक्के होतं आणि २०१४ मध्ये ९२. कोवळ्या मुलींत घट जास्त आहे, ही जमेची बाजू. पण एक आकडा मला अस्वस्थ करतो. नव्या पिढीतल्या मुलींचं काम आता सुईण किंवा न्हावी करत नाही. चारांतल्या तीन जणींहून जास्त मुलींना कापणारा हात वैद्यकीय शिक्षण घेतलेला आहे. निर्जंतुक हातमोजे, भूल, टाके, फी. आई-वडिलांना वाटतं, डॉक्टर करतोय म्हणजे चुकीचं कसं असेल? इन्फेक्शन टळेल, पण तोडलेलं काही परत जोडलं जाणार नाही. त्या विद्यार्थिनीला प्राध्यापकांनी जे शिकवलं नव्हतं, त्याचं हे बिल आहे. गावठी सुईणीला दोष देणं सोपं होतं. सादावी पन्नास वर्षांपूर्वी बोट दाखवत होत्या ते आपल्याच व्यवसायाकडे.

हे सगळं दूर नाईलकाठी, असं मुंबईकराला तरी म्हणता येणार नाही. दाऊदी बोहरा समाजाची धार्मिक परंपरा कैरोच्या फातिमी खिलाफतीपर्यंत जाते, आणि या समाजात सात वर्षांच्या आसपासच्या मुलींचा ‘खतना’ किंवा ‘खफ्ज’ होत आला आहे. गेल्या काही वर्षांत याच समाजातल्या काही स्त्रिया मुंबईतून त्याविरुद्ध उघडपणे बोलू लागल्या. २०१७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये मोठ्या घटनापीठाकडे सोपवलं गेलं. हा आमचा धर्माचार आहे, त्यात पडू नका, असं म्हणणाऱ्या स्त्रियाही तिथे बाजू मांडायला उभ्या राहिल्या. न्हाणीघरातल्या आईचं हसणं ज्याने वाचलं आहे, त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही.

सादावी यांच्या शेवटच्या दशकाबद्दल त्यांचे चाहते जरा घाईने बोलतात. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्याविरुद्ध तहरीर चौक भरला तेव्हा ७९ वर्षांची ही बाई तिथे तरुणांमध्ये बसली होती. ते छायाचित्र सगळ्यांना आठवतं. २०१३ मध्ये लष्कराने निवडून आलेले इस्लामवादी राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवलं तेव्हा त्यांनी त्याला बंड म्हणायला नकार दिला आणि पुढे लष्करप्रमुख सीसी यांची बाजू घेतली. त्याच उन्हाळ्यात कैरोच्या राबा चौकात सुरक्षा दलांनी शेकडो निदर्शकांना मारलं होतं. धार्मिक राजकारणाने त्यांना मृत्यूच्या यादीत घातलं होतं, ती भीती खरीच होती. तरीही दार तोडणाऱ्या पोलिसांकडे वॉरंट मागणारी बाई इथे का थांबली, हा प्रश्न त्यांच्या वाचकाने टाळू नये. रुग्ण आवडता असला म्हणून हिस्टरीतला नको तो भाग गाळायचा नसतो.

राहिलं ते खोडलेलं नाव. इजिप्तमध्ये मातृदिन २१ मार्चला असतो. २००६ मध्ये मुलगी मोना हेल्मी हिने एका साप्ताहिकात लिहिलं की या मातृदिनाला मी आईला माझं नाव भेट देते, यापुढे सही ‘मोना नवाल हेल्मी’ अशी करीन. एका सहीवरून गहजब झाला. मूल बापाच्या नावाने ओळखलं जावं हा धर्माचा आदेश मोडला म्हणून मायलेकींविरुद्ध तक्रार झाली आणि सरकारी वकिलांनी दोघींना चौकशीला बोलावलं. ते प्रकरण २००८ मध्ये त्यांच्या बाजूने संपलं. त्याच वर्षी इजिप्तचा बालकायदा बदलला. मुली कापणं गुन्हा ठरलं ते त्याच दुरुस्तीत, आणि लग्नाशिवाय झालेल्या मुलाची नोंद आईला स्वतःच्या नावाने करता येऊ लागली तीही त्याच दुरुस्तीने.

नवाल अल सादावी ८९ व्या वर्षी कैरोत वारल्या. तारीख २१ मार्च २०२१.